ऐंशी दिवसांचे वेळापत्रक

सातवी-आठवीच्या वर्गात टेबलावर पृथ्वीगोल ठेवून मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा. विमानात अजिबात बसायचे नाही, शक्य तेवढे अंतर आगगाडीने कापायचे आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करायची. तर मार्ग कसा आखाल? मुले आधी वेगाचा विचार करतात. गाडी ताशी किती धावते, बोट किती धावते, भागाकार केला की झाले. पण थोड्याच वेळात कुणीतरी विचारते, "सर, गाडी उशिरा पोचली आणि बोट सुटून गेली तर?" खरा प्रश्न इथे सुरू होतो. प्रवासाची लांबी वेगाने ठरते त्याहून अधिक सांध्यांनी ठरते. एक गाडी जिथे संपते तिथून पुढची केव्हा निघते, मध्ये रूळ आहेत की नाहीत, बंदरात बोट उभी आहे की कालच गेली, यावर सारे अवलंबून.

दीडशे वर्षांपूर्वी युरोपातली मोठी माणसे हाच हिशेब मांडत बसली होती, आणि त्या हिशेबात मुंबई ते जबलपूर या रेल्वेमार्गाला मानाची जागा होती. म्हणून ही हकिकत आपल्या वर्गात सांगण्याजोगी आहे.

दहा महिन्यांत तीन सांधे

१८६९ च्या आधीही लोक जगप्रवास करत, पण त्याचे वेळापत्रक करता येत नसे. मग अवघ्या दहा महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. १० मे १८६९ रोजी अमेरिकेत युटामधल्या प्रॉमंटरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारे रूळ एकमेकांना जोडले गेले. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेच्या अलाहाबाद फाट्याला मिळाली. या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होते. मुंबई ते कलकत्ता असा, वाटेत रूळ न तुटणारा मार्ग त्या दिवशी तयार झाला.

यांपैकी एकही काम जगप्रवाशांच्या सोयीसाठी झाले नव्हते हे मुलांना आवर्जून सांगावे. आपल्याकडच्या रेल्वेला वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा होता, विलायतेहून आलेले टपाल कलकत्त्याला पोचवायचे होते, आणि १८५७ नंतर सरकारला सैन्य चटकन हलवता यायला हवे होते. पण तीन वेगवेगळ्या हेतूंनी बांधलेले तीन तुकडे नकाशावर एकाच पट्ट्यात आले आणि पृथ्वीभोवतीची साखळी जुळली. १८७१ मध्ये फ्रान्स आणि इटली यांच्यामधला, आल्प्सच्या पोटातून जाणारा बारा-तेरा किलोमीटर लांबीचा माँ सनी बोगदा सुरू झाला, आणि लंडनहून निघालेला माणूस इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत सुमारे पावणेतीन दिवसांत पोचू लागला.

ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' ही कादंबरी पॅरिसच्या 'ल ताँ' या वृत्तपत्रात ६ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर १८७२ या काळात क्रमशः छापून आली. तिच्या सुरुवातीला नायकापुढे वर्तमानपत्रात आलेला एक हिशेब ठेवलेला आहे. लंडन ते सुएझ, आगगाडी व आगबोट, ७ दिवस. सुएझ ते मुंबई, आगबोट, १३. मुंबई ते कलकत्ता, आगगाडी, ३. कलकत्ता ते हाँगकाँग १३ आणि हाँगकाँग ते योकोहामा ६, दोन्ही आगबोटीने. योकोहामा ते सॅनफ्रान्सिस्को, पुन्हा आगबोट, २२. सॅनफ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क, आगगाडी, ७. न्यूयॉर्क ते लंडन, आगबोट व आगगाडी, ९. बेरीज बरोबर ८०.

ही यादी फळ्यावर लिहून मुलांना अंतरे शोधायला लावावीत. मुंबई ते कलकत्ता जबलपूर-अलाहाबादमार्गे सुमारे २,२०० किलोमीटर, तीन दिवसांत. म्हणजे थांबे धरून ताशी तीसेक किलोमीटर. अमेरिकेतली गाडीही जवळपास त्याच चालीची. योकोहामा ते सॅनफ्रान्सिस्को मात्र सुमारे ८,३०० किलोमीटर, बावीस दिवसांत. म्हणजे ताशी सोळाच्या आसपास. गाडी बोटीच्या दुप्पट वेगाने चालत होती. आणि तरीही ऐंशी दिवसांतले जेमतेम तेरा दिवस गाडीतले, बाकीचे सदुसष्ट समुद्रावरचे! आगगाडीच्या युगातली म्हणून गाजलेली ही प्रदक्षिणा बहुतांशी बोटीतच पार पडत होती. गाडीला जमीन लागते, आणि पृथ्वीचा जवळजवळ पाऊण भाग पाण्याखाली आहे. भूगोलाच्या पहिल्या धड्यातले हे वाक्य इथे पुन्हा समोर येते.

नसलेला खंड आणि असलेला घाट

कादंबरी वाचलेल्यांना हत्तीचा प्रसंग आठवत असेल. मुंबईहून निघालेली गाडी नाशिक, खानदेश, बऱ्हाणपूर करत जाते आणि एका खेड्यापाशी थांबते. गार्ड सांगतो की पुढचे पन्नास मैल रूळच नाहीत, अलाहाबादपर्यंत आपापली सोय पाहावी. नायक दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो आणि जंगलातून वाट काढतो.

कथेतले वर्ष १८७२ आहे. तोवर हा मार्ग अखंड होऊन अडीच वर्षे झाली होती. मग हा खंड आला कुठून? ३ ऑक्टोबर १८६९ च्या 'ल तूर द्यू माँद' या फ्रेंच नियतकालिकात ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाचे एक लहानसे टिपण आले होते, आणि त्यात मुंबई व अलाहाबाद यांच्यामधले १४० मैल रूळ अजून पडायचे आहेत असे म्हटले होते. ते टिपण त्या वेळी बरोबरच होते. पाच महिन्यांनी मात्र ते जुने झाले. व्हर्नच्या खंडाचे मूळ अशा टिपणांत असावे असे मानायला हरकत नाही. शिवाय त्याने तो खंड अलाहाबादला लागून दाखवला. प्रत्यक्षात अलाहाबाद-जबलपूर हा तुकडा १८६७ मध्येच पुरा झाला होता, राहिला होता तो जबलपूरच्या अलीकडचा. कथेला हत्ती हवा होता, हे उघड आहे. मला त्याचा राग येत नाही. पण खोट्या खंडावर पाने खर्च करणारा हा लेखक ज्या खऱ्या अडथळ्यावरून नायकाला रात्रीतून घेऊन गेला, त्याकडे थोडे पाहायला हवे.

तो अडथळा म्हणजे सह्याद्री. उत्तरेकडे जाणारा मार्ग कसाऱ्याहून थळ घाट चढून इगतपुरीला येतो. मार्गाचा हा भाग १८६५ मध्ये सुरू झाला. इथली चढण ३७ फुटांमागे एक फूट आहे. आकडा लहान वाटतो, पण लोखंडी रुळांवर लोखंडी चाके असताना तो लहान नसतो. रूळ आणि चाक यांच्यातले घर्षण कमी, म्हणून तर आगगाडी सपाटीवर थोड्या ताकदीत एवढे वजन ओढते. आणि नेमके त्याच कारणाने ती चढावर दुबळी ठरते. आजही या घाटात गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिने लावतात. मुलांना कसाऱ्याला थांबून ती जोडताना पाहायला मिळाली तर घर्षणाचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.

याच रेल्वेच्या पुण्याकडे जाणाऱ्या फाट्यावर बोरघाट आहे. तो जगप्रवाशांच्या वाटेवर नव्हता, पण दोन्ही घाटांची कामे एकाच काळात चालली होती आणि बोरघाटाचे आकडे नोंदलेले आहेत. १८५६ ते १८६३ एवढा काळ, २५ बोगदे, आणि १८६१ च्या सुमारास कामावर एकाच वेळी ४२,००० माणसे. कातळात पहारीने भोके पाडायची, बंदुकीची दारू ठासायची, सुरुंग उडवायचे. पावसाळ्यात काम बंद. उघडीप पडली की माणसे परत येत आणि त्यांच्या वस्त्यांत पटकी येई. या एका घाटात सुमारे २५,००० माणसे मेली असावीत असा इतिहासकारांचा एक अंदाज आहे. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार इथे आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका स्वतःकडे घेऊन काम तडीस नेले. तिचे नाव राहिले. कातळ फोडणाऱ्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत.

अमेरिकेतही फार वेगळे नव्हते. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून सेंट्रल पॅसिफिक रेल्वे नेणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. १८६७ च्या जूनमध्ये त्यातल्या हजारोंनी गोऱ्या मजुरांएवढी मजुरी मागत काम थांबवले. कंपनीने मारहाण वगैरे काही केली नाही. डोंगरातल्या तळांवरचा त्यांचा शिधा बंद केला. आठवड्याभरात काम पुन्हा सुरू झाले. प्रॉमंटरीला शेवटचा खिळा ठोकल्यावर काढलेला प्रसिद्ध फोटो पाठ्यपुस्तकांतून दिसतो. त्या गर्दीत चिनी चेहरे शोधून सापडत नाहीत.

व्हर्नचा नायक कागदावर प्रवास करत होता तेव्हा एक हाडामांसाचा माणूसही त्याच वाटेवर होता. थॉमस कुक या इंग्रज सहल-व्यावसायिकाने १८७२ च्या सप्टेंबरात, म्हणजे कथेतला नायक निघाला त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, काही प्रवाशांना घेऊन जगाची पहिली ठरवून आखलेली सहल काढली. माणशी २०० गिनी. तो उलट्या दिशेने, पश्चिमेकडे निघाला: अमेरिका, जपान, चीन, आणि मग १८७२-७३ च्या हिवाळ्यात कलकत्त्याहून मुंबईला, गाडीने, अखंड. त्याला हत्ती घ्यावा लागला नाही. (कथेतल्या हत्तीच्या किमतीत कुकची नऊ तिकिटे आली असती.) त्याला एकूण २२२ दिवस लागले, कारण त्याला घाई नव्हती, तो मुक्काम करत, पाहत, 'टाइम्स'ला पत्रे लिहीत गेला.

एक दिवस जातो कुठे?

कुक पश्चिमेकडे गेला आणि व्हर्नचा नायक पूर्वेकडे. याने काय फरक पडतो? कादंबरीचा शेवट ज्यांनी वाचलेला नाही त्यांची क्षमा मागून सांगतो: ऐंशी दिवस उलटून गेले, पैज हरलो, असे वाटत असताना नायकाला कळते की लंडनमध्ये अजून एकोणऐंशीच दिवस झाले आहेत.

हे वर्गात शब्दांनी समजावू नये, करून दाखवावे. एका मुलाला पृथ्वीगोलाशी उभे करून त्याच्या बोटाने पूर्वेकडे प्रवास करायला लावावा. पूर्वेकडे जाणारा माणूस सूर्याला सामोरा जातो, म्हणून त्याचा प्रत्येक दिवस थोडा आखूड होतो. रेखांशाचा एक अंश म्हणजे चार मिनिटे. ३६० अंशांची चोवीस तासांची रक्कम ऐंशी दिवसांत वाटली तर दर दिवशी अठरा मिनिटे. त्याने ऐंशी सूर्योदय पाहिले खरे, पण प्रत्येक दिवस तेवीस तास बेचाळीस मिनिटांचा होता. लंडनच्या माणसाने तेवढ्याच काळात चोवीस तासांचे एकोणऐंशी दिवस पाहिले. पश्चिमेकडे जाणाऱ्याचे उलटे होते. मॅगेलनच्या मोहिमेतले उरलेले खलाशी जुलै १८२२ मध्ये नव्हे, त्याच्या तीनशे वर्षे आधी, जुलै १५२२ मध्ये केप व्हर्दे बेटांवर पोचले तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा आजारीसुद्धा पडला नव्हता, एकही दिवस चुकला नव्हता. म्हणूनच तो चक्रावला. पुस्तक गाजल्यावर व्हर्नला या प्रश्नाची इतकी विचारणा झाली की ४ एप्रिल १८७३ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेत त्याने रेखावृत्ते आणि पंचांग या विषयावर निवेदन केले.

खलाशांना महिनोन्‌महिने हा फरक जाणवत नसे. आगगाडीने तो रोजच्या व्यवहारात आणला. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटे, कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे. पंचांग वापरणाऱ्या आपल्या लोकांना गावागणिक सूर्योदय बदलतो हे मुळीच नवे नव्हते. पण एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या आणायच्या तर दोन घड्याळे चालत नाहीत. म्हणून भारतातल्या रेल्वेने, देशाच्या साधारण मध्यावरची म्हणून, मद्रासची वेळ धरली. मुंबईत घरच्या घड्याळाकडे पाहून निघणारा प्रवासी अर्धा तास उशिरा स्टेशनवर पोचायचा. आणि मुंबईचेच घड्याळ खिशात ठेवून कलकत्त्याला उतरला तर तिथे तासाभराहून दोन मिनिटे अधिक मागे पडायचा.

अमेरिकेत रेल्वे कंपन्यांच्या पन्नासेक वेगवेगळ्या वेळा होत्या. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी कंपन्यांनीच आपसांत ठरवून त्यांचे थोडके पट्टे केले. सरकारचा कायदा बऱ्याच वर्षांनी आला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली. ग्रिनिचचे रेखावृत्त मूळ मानावे याला २२ देशांनी मत दिले, एकाने विरोध केला, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. आंतरराष्ट्रीय वाररेषा या परिषदेने आखली असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते. ते बरोबर नाही. ती व्यवहारातून, बोटींच्या सोयीने, बेटांना वळसे घालत रूढ झाली. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने आपली जुनी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागची, १९५५ पर्यंत सोडली नाही.

वाट पाहण्याचे पंधरा दिवस

कादंबरीतला हिशेब खराच जमतो का, हे पाहायला १४ नोव्हेंबर १८८९ रोजी नेली ब्लाय ही न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्राची वार्ताहर एक हातपिशवी घेऊन निघाली. वाटेत वाकडी वाट करून ती आमियाँ येथे व्हर्नला भेटली. मुंबईवरून का जात नाही, असे त्याने विचारले. वेळ वाचवायचा आहे, असे तिचे उत्तर होते.

हे उत्तर विचार करण्यासारखे आहे. गाडी बोटीच्या दुप्पट वेगाची, मग गाडी टाळून वेळ कसा वाचतो? कथेच्या वेळापत्रकात सुएझपासून मुंबई-कलकत्त्यावरून हाँगकाँगला २९ दिवस लागतात. ब्लाय पोर्ट सैदहून २७ नोव्हेंबरला निघाली, कोलंबो-सिंगापूरवरून २३ डिसेंबरला हाँगकाँगला पोचली: २६ दिवस, आणि त्यात कोलंबोला पुढच्या बोटीसाठी घालवलेले पाच दिवस धरलेले. बोटी अधिक वेगवान झाल्या होत्या हे एक कारण. पण भारतातली गाडी धरायची म्हणजे मुंबईला उतरा, कलकत्त्याला पुन्हा चढा, आणि गंगेच्या मुखातून खाली या. दोन सांधे वाढतात. ज्या मार्गासाठी घाट फोडले त्या मार्गाला जगप्रवासी वीस वर्षांच्या आत वळसा घालू लागला.

ब्लायने ७२ दिवस ६ तास ११ मिनिटे १४ सेकंदांत प्रदक्षिणा पुरी केली. त्यात कोलंबोला पाच, हाँगकाँगला पाच आणि योकोहामाला पाच असे सुमारे पंधरा दिवस नुसती वाट पाहण्यात गेले. शेवटी सिएरामध्ये बर्फाने रेल्वे बंद पडली होती म्हणून तिच्या वृत्तपत्राने दक्षिणेकडून खास गाडी काढली. तिने सॅनफ्रान्सिस्को ते शिकागो ६९ तासांत गाठले. याने फार तर एक-दोन दिवस वाचले असतील. त्याच दिवशी उलट दिशेने निघालेल्या एलिझाबेथ बिस्लंडला इंग्लंडमध्ये वेगवान बोट सुटून गेल्याचे सांगण्यात आले, तिला दुसरी मंद बोट घ्यावी लागली, आणि ती चार दिवसांनी मागे पडली. वेग दोघींचाही सारखाच होता म्हणा ना.

प्रवास खऱ्या अर्थाने बहुतांशी आगगाडीचा झाला तो सैबेरियातून. १८९१ मध्ये व्लादिवोस्तोकला काम सुरू झाले, सैनिक आणि कैदीही कामाला लावले गेले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांचुरियामार्गे पॅसिफिकपर्यंत रूळ पोचले. मध्ये एकच सांधा राहिला होता: बायकाल सरोवर. न्यूकॅसलला बनवून सुट्या भागांत आणलेले एक बर्फफोडे जहाज १९०० पासून डब्यांसकट गाडी पलीकडे नेई. पण भर हिवाळ्यात, बर्फ मीटरभराहून जाड झाले की तेही अडकून पडे. १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटले तेव्हा रशियनांनी थेट बर्फावर रूळ टाकले. पहिले इंजिन बर्फ फोडून खाली गेले. जगातल्या सर्वांत खोल तळ्यात! त्यानंतर इंजिनांचे भाग सुटे करून डब्यांसारखे घोड्यांकडून ओढून नेले. त्याच वर्षी सरोवराच्या काठाने, तीसहून अधिक बोगद्यांचा मार्ग पुरा झाला. सगळी वाट रशियाच्याच भूमीवरून जाऊ लागली ती १९१६ मध्ये, हाबारोव्स्कचा आमूरवरचा पूल झाल्यावर. मॉस्को ते व्लादिवोस्तोक ९,२८८ किलोमीटर. एवढ्या मार्गावर वेळापत्रक मात्र एकाच वेळेचे. २०१८ च्या ऑगस्टपर्यंत तिकिटावर मॉस्कोची वेळ छापत असत. सकाळी सात वाजता व्लादिवोस्तोकला उतरणाऱ्याच्या तिकिटावर रात्रीचे बारा!

या मार्गाने १९११ मध्ये आंद्रे येगर-श्मिट हा पॅरिसचा पत्रकार सैबेरिया आणि कॅनडा ओलांडून चाळीस दिवसांच्या आत घरी आला. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन हेन्री मिअर्सला छत्तीस दिवसही लागले नाहीत. ऐंशीचे निम्मे झाले. गाड्या आणि बोटी तेवढ्या वेगवान झाल्या होत्या काय? थोड्या झाल्या होत्या. पण या मार्गाची एकूण लांबी बत्तीसेक हजार किलोमीटर भरते; विषुववृत्तावरचा परीघ चाळीस हजार. ५० अंश अक्षवृत्ताची लांबी चाळीस हजार गुणिले कोज्या ५०, म्हणजे पंचवीस हजार सातशेच. जितके उत्तरेला सरकाल तितकी प्रदक्षिणा आखूड. ध्रुवाजवळ तर गणपतीने आईवडिलांभोवती घातली तशी चार पावलांत घालता येईल. मग 'पृथ्वीप्रदक्षिणा' कशाला म्हणायचे? सगळी रेखावृत्ते ओलांडली की पुरे, की विषुववृत्तही ओलांडायला हवे? वर्गात यावर वाद होऊ द्यावा. व्याख्या का लागतात हे त्या वादातून कळते.

१९२८ मध्ये व्हर्नची जन्मशताब्दी होती. कोपनहेगनच्या 'पोलिटिकेन' या वृत्तपत्राने मुलांसाठी स्पर्धा लावली: एकट्याने, विमानात न बसता, जगप्रवास. पाले हुल्ड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा निवडला गेला. कॅनडा, जपान, कोरिया, मांचुरिया, सैबेरिया, जर्मनी असे करत तो ४४ दिवसांत परतला. आठवीतल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की ती वेळापत्रकाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

आता आपल्या मुलांनी मुंबईहून निघायचे ठरवले तर? पूर्वेला म्यानमारशी रेल्वेने सांधाच नाही. उत्तरेला हिमालय. उरली पश्चिम. नकाशात बोट ठेवून पाहा: मुंबई, दिल्ली, अमृतसर, अटारी, लाहोर, क्वेट्टा आणि इराणातले झाहेदान, इथवर आपलेच १,६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज रूळ आहेत. झाहेदानला युरोपचे १,४३५ मिलिमीटरचे रूळ भेटतात. केरमानकडून येणारा तो दुवा २००९ मध्ये पुरा झाला. तिथे गाडी बदलायची. पुढे तेहरान, तुर्कस्तानात वान सरोवरावर बोट, इस्तंबूलला २०१३ मध्ये झालेला बॉस्फरसखालचा बोगदा, आणि १९९४ पासून इंग्लिश खाडीखालचा बोगदा. म्हणजे मुंबई ते लंडन एका सरोवराखेरीज रूळ आहेत.

गाड्या मात्र नाहीत. पॅरिस-मॉस्को आणि मॉस्को-बीजिंग या गाड्या २०२० च्या महासाथीत थांबल्या. आपल्याकडे १९७६ पासून धावणारी समझोता एक्स्प्रेस २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली, राजस्थानातून जाणारी थार एक्स्प्रेसही त्याच महिन्यात. फ्रेंच टिपणातला १८६९ चा खंड १४० मैलांचा होता. अटारी स्टेशनपासून वाघा स्टेशनपर्यंतचे अंतर तीन-सव्वातीन किलोमीटर आहे, आणि त्यावर रूळ टाकलेले आहेत.